वनौषधी आणि प्रोबायोटिक दिल्याने ब्रॉयलरची मर खरंच कमी होते का?

तुम्ही विचारलंय की २००० पक्ष्यांचं शेड आहे, दुकानदार प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला चांगल्या असलेल्या जिवंत जिवाणूंचं पाकीट) आणि हर्बल लिव्हर टॉनिक घ्या म्हणतो, शेजारी म्हणतो हळद, लसूण आणि ताक पुरे. मग द्यायचं काय?

माझं सिन्नर भागात ब्रॉयलरचं शेड आहे. हातात पैसे मोजकेच असतील तर ते पहिल्या आठवड्यातल्या प्रोबायोटिकवर घाला. वनौषधींचा विचार त्यानंतर.

गावठी कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून आईबरोबर उकरतं, टोचतं आणि तिच्या विष्ठेतले चांगले जिवाणू त्याच्या पोटात जातात. हॅचरीच्या पिल्लाला आई भेटतच नाही. मग शेडमध्ये जे आधी सापडेल ते त्याच्या आतड्यात ठाण मांडतं, ई-कोलाय असो की साल्मोनेला. फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ साली दाखवून दिलं की निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना आधीच पाजले, तर साल्मोनेला त्यांच्यात सहजी रुजत नाही. प्रोबायोटिकचा पाया हाच आहे, वाईट जिवाणू येण्याआधी जागा धरायची.

म्हणून पिल्लं उतरल्यापासून पहिले पाच-सात दिवस पाण्यातून द्या. पुढे खाद्य बदलताना आणि लसीचा ताण येतो तेव्हा. अँटिबायोटिकचा कोर्स करावाच लागला तर तो संपल्यावर. कोर्स चालू असताना दिलं तर औषध त्याच जिवाणूंना मारतं. हेच क्लोरीनचं. टाकीत ब्लिचिंग पावडर आणि त्याच पाण्यात प्रोबायोटिक, असं कितीतरी शेडवर चालतं आणि मग लोक म्हणतात गुण येत नाही. लसीच्या पाण्याला जितकं जपता तितकंच इथे जपा. प्रोबायोटिकमधला लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू नाजूक असतो, पाकीट उन्हात पडलं की संपला. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू पेलेट खाद्य बनवतानाच्या उष्णतेतही टिकतात, त्यामुळे खाद्यातून द्यायचं तर तो घ्या.

ताक मात्र नको. कोंबडीला दुधातली साखर पचत नाही. जास्त झालं की पक्षी पातळ हगतात, शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं होतं आणि पाण्याच्या निप्पलच्या पाइपात चिकट थर धरतो. ओल्या तुसात कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) वाढतो, म्हणजे जे टाळायला निघालो तेच घरात आलं.

हळद चांगली, पण किलोभर खाद्याला ५ ग्रॅमच्या आसपास. जास्त टाकली की पक्षी खाद्य कमी खातात. कडुनिंबाचंही तसंच. ओव्यात थायमॉल असतं, ते जिवाणूंना आवरतं. उन्हाळ्यात पक्षी धापा टाकायला लागले की आवळ्याचा उपयोग होतो. लिव्हर टॉनिकमध्ये बहुधा भुईआवळा, काळमेघ असतात. खाद्याला बुरशी लागली असेल तर टॉनिकच्या बाटल्या आणण्यापेक्षा आधी ते खाद्य बदला.

परवडतं का, हे एफसीआरवरून ठरवा, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं त्यावरून. दोन किलोच्या पक्ष्याचा एफसीआर १.६० वरून १.५५ वर आला तर पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचतं. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर ४ रुपये, तुमच्या शेडचे ८००० रुपये. पुरवण्यांचा खर्च याच्या आतच बसला पाहिजे. शेडला मधे जाळी लावा, एका बाजूला द्या, दुसरीला नाही, आणि दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नासेक पक्षी वजन करा. कंपनीशी करार करून पक्षी वाढवत असाल तर तिच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय पाण्यात काहीच टाकू नका.

गमबोरो किंवा राणीखेत हे विषाणूंचे रोग आले तर यातलं काहीही कामाचं नाही, तिथे लसच हवी. दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिकही सुरू करू नका. कोलिस्टिन तर कोंबड्यांसाठी २०१९ पासून देशात बंद आहे, कोणी देऊ केलं तरी घेऊ नका. मर अचानक वाढली तर ताजे मेलेले पक्षी घेऊन त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि शवविच्छेदन करून घ्या.