युनियनिस्टला 'एकीकरणवादी' म्हणावं का?

प्रश्न असा: उत्तर आयर्लंडविषयीच्या मराठी मजकुरात 'युनियनिस्ट'साठी कुठे 'एकीकरणवादी', कुठे 'संघवादी' असं लिहिलेलं आढळतं. यातलं योग्य कोणतं? आणि सरळ 'प्रोटेस्टंट' लिहिलं तर काय बिघडतं?

'एकीकरणवादी' तर मुळीच नको, त्याने अर्थ उलटा होतो. एकीकरण म्हटलं की मराठी वाचकाला बेळगावची महाराष्ट्र एकीकरण समिती आठवते. सीमेपलीकडे राहिलेला मुलूख आपल्या माणसांच्या राज्याला जोडा, अशी तिची मागणी. आयर्लंडात याच्या जवळची भूमिका आहे ती युनियनिस्टांच्या विरोधकांची. १९२१ साली बेटाची फाळणी झाली आणि सहा काउंट्या (जिल्हे) ब्रिटनकडे राहिल्या. त्या उरलेल्या आयर्लंडला जोडाव्यात, असं म्हणणारे ते नॅशनलिस्ट. युनियनिस्टांना नेमकं तेच नको आहे. त्यांच्या नावातली 'युनियन' १८०१ पासून अमलात आलेली, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांना जोडणारी.

'संघवादी'ही टाळावा. त्यातून संघराज्य किंवा रा. स्व. संघ सूचित होतो. मूळ शब्दच देवनागरीत ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे' असा खुलासा करावा. मथळ्यात जागा नसेल तर 'ब्रिटनसमर्थक' चालेल. 'ब्रिटनधार्जिणे' मात्र नको, कारण धार्जिणे म्हणताच हेटाळणी आली.

'लॉयलिस्ट' हा युनियनिस्टचा समानार्थी शब्द नव्हे. राजमुकुटाशी निष्ठा सांगणारा, बहुतांशी कामगारवस्तीतला कडवा गट, असा त्याचा रोख. यूव्हीएफ आणि यूडीए या सशस्त्र संघटना लॉयलिस्ट. तसंच पलीकडे: १९७० साली स्थापन झालेला, हिंसा नाकारणारा एसडीएलपी हा नॅशनलिस्ट पक्ष, तर आयआरए ही सशस्त्र संघटना आणि शिन फेन हा पक्ष रिपब्लिकन. मराठीत नुसतं 'राष्ट्रवादी' किंवा 'रिपब्लिकन' लिहिलं की आपल्याकडचे पक्ष डोळ्यांपुढे येतात, म्हणून 'आयरिश राष्ट्रवादी', 'आयरिश रिपब्लिकन' असं पूर्ण लिहावं.

आता 'प्रोटेस्टंट'. बहुतेक युनियनिस्ट प्रोटेस्टंट आणि बहुतेक नॅशनलिस्ट कॅथलिक, हे खरं. पण भांडण पोप किंवा बायबलवरून नाही. राज्य कोणाचं, घरं आणि नोकऱ्या कोणाला, मतदारसंघ कसे आखले, यावरून आहे. धर्म ही ओळखीची खूण. ती किती खोल गेली आहे पाहा: 'एच' या अक्षराचा उच्चार कॅथलिक शाळांत साधारणपणे 'हेच' होतो, प्रोटेस्टंट शाळांत 'एच', आणि तेवढ्यावरून माणूस कोणत्या बाजूचा हे ताडलं जाई. तरीही खूण म्हणजे भूमिका नव्हे. आयरिश रिपब्लिकन परंपरेचा जनक मानला जाणारा वुल्फ टोन स्वतः प्रोटेस्टंट होता. तेव्हा मोर्चा, मतदान, पक्ष यांविषयी लिहिताना राजकीय नाव वापरावं. वस्ती, शाळा, जनगणना यांविषयी लिहिताना धर्माचं.

उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या काळाला इंग्रजीत 'ट्रबल्स' म्हणतात. त्यासाठी 'यादवी' हा शब्द ओघानेच सुचतो, पण आयर्लंडची यादवी म्हणजे १९२२-२३ चं युद्ध, आणि ते दक्षिणेत आयरिश राष्ट्रवाद्यांतच आपसांत झालं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्या काळाला 'ट्रबल्स' किंवा 'अशांततेचा काळ' म्हणावं. 'दंगली' हा शब्द ऑगस्ट १९६९ मधल्या बेलफास्टला लागू पडतो; बॉम्बस्फोट आणि लष्करी गोळीबार त्यात मावत नाहीत.

'अल्स्टर' हाही उत्तर आयर्लंडला पर्याय म्हणून वापरू नये. अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या; त्यांतल्या डॉनेगॉल, कॅव्हन आणि मोनाहन आयर्लंड प्रजासत्ताकात आहेत. डॉनेगॉलचं टोक तर उत्तर आयर्लंडच्याही उत्तरेला येतं. उत्तर आयर्लंडमधल्या एका शहराचं नाव नॅशनलिस्टांसाठी 'डेरी', युनियनिस्टांसाठी 'लंडनडेरी'. 'लंडन' जोडलं गेलं ते १६१३च्या सनदेने. नगरपरिषदेने १९८४ साली स्वतःचं नाव बदललं, तरी शहराचं कायदेशीर नाव 'लंडनडेरी'च राहिलं. लेखात पहिल्यांदा दोन्ही नावं द्यावीत, पुढे एकच वापरावं. अवतरणात मात्र बोलणाऱ्याने जे उच्चारलं असेल तेच ठेवावं.