शिंजो आबेंनी पंतप्रधान असताना जपानच्या राज्यघटनेतलं कलम ९ बदललं का?

नाही, युद्धाचा मार्ग कायमचा सोडणाऱ्या कलम ९ चा एक शब्दही बदललेला नाही. बदलला तो सरकार लावत असलेला अर्थ. कलम ९६ प्रमाणे घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतं आणि वर सार्वमतात बहुमत लागतं. २०१६ च्या निवडणुकीनंतर दुरुस्तीला अनुकूल पक्षांकडे ते संख्याबळ होतंही, पण प्रस्ताव मतदानापर्यंत गेलाच नाही. त्याआधीच आबेंनी आडवाट काढली होती:

- २०१३: सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या विभागाच्या प्रमुखपदी, रीत मोडून, परराष्ट्र खात्यातला अधिकारी
- १ जुलै २०१४: मित्रदेशावर हल्ला झाला तरी जपान बळ वापरू शकतो, या नव्या अर्थाचा मंत्रिमंडळ ठराव
- सप्टेंबर २०१५: तो अर्थ अमलात आणणारे सुरक्षा कायदे संमत

खरा वाद या वाटेवरूनच आहे. जून २०१५ मध्ये संसदीय समितीपुढे आलेल्या तिन्ही घटनातज्ज्ञांनी हे कायदे घटनाबाह्य म्हटले, आणि त्यातले एक तर सत्ताधाऱ्यांनीच बोलावलेले! मात्र ‘जपान आता कुठेही लढू शकतो’ हेही खरं नाही. मित्रदेशावर हल्ला झाला तरी त्यामुळे जपानचंच अस्तित्व धोक्यात यायला हवं, दुसरा मार्ग नसावा आणि बळ किमान गरजेपुरतंच वापरावं, अशा तीन अटी आहेत.