एमबीएच्या तयारीसाठी कर्ज काढून अभ्यासक्रम करावा का?

प्रश्न: मी 24 वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मूळची सांगलीची, दीड वर्षापासून चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. हातात 46,000 रुपये येतात. खोलीभाडे व मेस 14,500, स्कूटरचा हप्ता 3,900, घरी 8,000, म्युच्युअल फंडाची एसआयपी 5,000 आणि गावी जाण्यायेण्यासह वरखर्च 7,000 रुपये. मुदत ठेव 2,10,000 रुपयांची आहे. तीन वर्षांनी चांगल्या संस्थेतून एमबीए करायचे आहे. प्रोफाइल भक्कम व्हावे म्हणून बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा अकरा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मला सुचवला गेला आहे. फी तीन लाख, 14 टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज. जागा राखण्यासाठी 5,000 रुपये भरले आहेत. कर्ज घ्यावे का, आणि त्यासाठी एसआयपी थांबवावी का? सुटीत आईच्या बचत गटाचा हिशेब पाहते, त्याखेरीज वेगळे असे माझ्याकडे काही नाही.

उत्तर: तुम्ही आकडे स्वच्छ मांडले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तीन लाखांचा हप्ता महिना सुमारे 10,250 रुपये बसेल आणि तीन वर्षांत जवळपास 69,000 रुपये निव्वळ व्याजात जातील. सगळे खर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्या हाती 7,600 रुपये उरतात. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून 2,650 रुपयांची तूट. ती एसआयपी थांबवून भरता येईल हे खरे, पण मग महिनाअखेरीस जेमतेम 2,350 रुपये हातात राहतील, आणि ज्या सुमारास नोकरी सोडून शिकायला जायचे त्याच सुमारास शेवटचा हप्ता फिटेल. मधल्या काळात बढती नसलेली पण शिकवणारी एखादी जबाबदारी चालून आली, तरी हप्त्याकडे पाहून नाही म्हणावे लागेल.

मुदत ठेवीला तर हातच लावू नका. तुमचा आवश्यक खर्च महिना 33,400 रुपये आहे आणि सहा महिन्यांचे त्याचे दोन लाख होतात. ही ठेव म्हणजे तुमचा आपत्कालीन निधीच आहे, तो शिल्लक पैसा नव्हे.

आता या खर्चाने अर्जात नेमके काय वाढते ते पाहू. मुलाखतीला बोलावताना बहुतेक आयआयएम कॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव ठरलेल्या सूत्राने मोजतात. त्या सूत्रात अशा प्रमाणपत्राला रकाना नाही. मुंबईच्या एसपी जैनसारख्या काही संस्था प्रोफाइल पाहून बोलावतात आणि आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) अर्जाबरोबर निबंध मागते, पण तिथेही तुम्ही काय विकत घेतले यापेक्षा काय केले हेच विचारले जाते. एक अपवाद मान्य करतो. पदवीच्या गणित-संख्याशास्त्रात गुण फार कमी असतील, तर त्या विषयांची आजची तयारी दाखवणारा एखादा अभ्यासक्रम, विशेषतः परदेशी संस्थांसाठी, उपयोगी पडतो. त्यासाठी एनपीटीईएल हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग तिथे विनामूल्य आहेत, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेची फी एका विषयाला 1,000 रुपये आहे. तीन लाख आणि एक हजार यांतला फरक अभ्यासक्रम सुचवणाऱ्या समुपदेशकाने सांगितला नसेल, कारण ते त्याचे काम नाही.

पैशाइतकेच महत्त्वाचे म्हणजे तुमचे शनिवार-रविवार. अकरा महिने ते वर्गांना दिले, तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास कधी करणार? कॅटचे गुण त्या एका वर्षाच्या प्रवेशापुरतेच चालतात, तर जीमॅट या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षेचे पाच वर्षे. तुम्हाला तीन वर्षांनी जायचे असल्याने आयएसबीसारखा पर्याय मनात असेल, तर येत्या वर्षभरात सवा दोन तासांची जीमॅट देऊन टाकावी. 275 डॉलर म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास खर्च येईल आणि गुण हाताशी राहतील. कॅट मात्र जायच्या आदल्या नोव्हेंबरात, आणि फार तर त्याआधी एकदा सरावासाठी. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचे दार राज्याच्या सीईटीनेही उघडते. तिथली फी आयआयएम अहमदाबादच्या पंचवीस लाखांहून अधिक किंवा आयएसबीच्या चाळीस लाखांच्या आसपासच्या फीपेक्षा पुष्कळच कमी असल्याने, ते नाव यादीतून गाळू नका.

खरी बळकटी मला तुमच्या शेवटच्या वाक्यात दिसते, जे तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखे लिहिले आहे. बचत गटाचा हिशेब पाहता म्हणजे काय पाहता? सांगलीकडचा गट आहे, म्हणून समजा हळद दळून पाकिटे विकत असेल. कोणत्या किराणा दुकानाकडे किती उधारी किती दिवस अडकली, अर्ध्या किलोच्या पाकिटात सुटते काय आणि शंभर ग्रॅमच्या पाकिटात काय, कांडप आणि पिशव्यांचे दर वाढले तेव्हा किंमत का वाढवता आली नाही, हे वहीत महिन्यागणिक मांडा. एका दुकानदाराची उधारी पंचेचाळीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणलीत, तर मुलाखतीत त्यावर दहा मिनिटे बोलता येईल, आणि समोरच्याला ते पाठ केलेले वाटणार नाही. गटाला स्वतःचे पैसे मात्र उसने देऊ नका. तुमची तिथली जागा हिशेब पाहणाऱ्याची आहे, ती सावकाराची झाली की प्रश्न विचारणे अवघड होते.

कारखान्यातही हेच करा. दर शुक्रवारी पंधरा मिनिटे काढून एका कागदावर लिहा: लाइनवर रिजेक्शन किती होते, कारण काय निघाले, कोणाशी बोलून काय बदलले, नंतर किती झाले, त्यात कंपनीचे किती वाचले. कंपनीचे गोपनीय तपशील घरी नेऊ नयेत हे सांगायला नको. स्वतःच्या कामाची नोंद पुरे. आयएसबी आणि परदेशी संस्था शिफारसपत्र मागतात आणि ते थेट वरिष्ठाचे असलेले त्यांना आवडते. तीन वर्षांनी साहेबांना तुमचे काम नेमके आठवावे, अशी अपेक्षा या कागदाशिवाय धरू नये. पुरवठादारांकडे जाऊन दोष सोडवण्याचे काम मिळत असेल, तर पगारवाढ नसली तरी ते मागून घ्या. आर्थिक सल्लागार असूनही हे म्हणतो.

एसआयपी चालू ठेवा. मात्र तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नको, म्हणून शिल्लक 7,600 पैकी 5,000 रुपयांचे रिकरिंग डिपॉझिट सुरू करा. साडेसहा टक्के व्याज धरले, तर दोन वर्षांत सुमारे 1,28,000 रुपये होतील. चार लाखांवरच्या शैक्षणिक कर्जात देशातल्या शिक्षणासाठी बँका सहसा पाच टक्के रक्कम विद्यार्थ्याकडून घेतात. पंचवीस लाखांवर ती 1,25,000 रुपये होते. उरलेल्या 2,600 रुपयांतून जीमॅटची फी, सराव चाचण्या आणि अर्जांचे पैसे निघतात.

मोठे कर्ज तेव्हाच, आणि शैक्षणिक कर्ज म्हणूनच घ्या. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदार लागत नाही. जुन्या करप्रणालीत राहिलात, तर व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते, जी वैयक्तिक कर्जाला नाही. शिवाय बँक त्या वेळी तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, काढील. त्यात आजच्या अभ्यासक्रमाचा एखादा हुकलेला हप्ता सापडायला नको.

भरलेल्या 5,000 रुपयांसाठी आजच ईमेलने, फोनवर नव्हे, प्रवेश रद्द करत असल्याचे कळवून परतावा मागा. नाही मिळाला तर तेवढ्यासाठी तीन लाखांत अडकू नका. अशा व्यवहारांत जागा राखतानाच केवायसी करून घेतात आणि कर्जाची कागदपत्रे मागोमाग तयार होतात. म्हणून कर्ज मंजूर झालेले नाही ना, हे कर्ज देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑटो-डेबिटचा मॅन्डेट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी, नोंदलेला दिसला, तर पहिला हप्ता कापला जायच्या आत तो रद्द करा.