नर्सिंगला आहे. वॉर्डात निरनिराळ्या समाजांचे रुग्ण असतात, त्यांच्या चालीरीती सांभाळून काम करायला कसं शिकायचं?

तुम्ही जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, पोस्टिंग मिरजेत आहे आणि केस स्टडीत ‘रुग्णाच्या संस्कृतीचा विचार’ लिहायचाय, पण वर्गात त्यावर फारसं काही झालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगली जिल्ह्यातच एकवीस वर्षं नोकरी केली. शेवटची काही वर्षं विद्यार्थिनी माझ्या हाताखाली होत्या.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. तुमच्याच वर्षाला असताना कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका आजींना ऑपरेशनसाठी तयार करायचं काम माझ्याकडे होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. यादीप्रमाणे बांगड्या, कानातलं काढलं आणि गळ्यातली चांदीची डबीही काढून पाकिटात घालून मुलाकडे दिली. आजी माझा हात धरून कन्नडमध्ये काहीतरी सांगत होत्या. मी आपली “काही होत नाही आजी” म्हणत राहिले. ऑपरेशन चांगलं झालं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मी फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारला. दुपारी वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, “अगं, त्या डबीत लिंग होतं. पूजा झाल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत.”

लिंगायत समाजात इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, अंगावरून दूर करत नाहीत. मला ते माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी मुलगा पाकीट घेऊन आला. आजींनी डबी कपाळाला लावली, पूजा केली आणि मग पेज प्यायल्या. पुढे असे रुग्ण आले की मी आदल्या दिवशीच सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या कानावर घालायचे. डबी धातूची, म्हणून ती काढावी लागते. लिंग मात्र स्वच्छ कापडात गुंडाळून दंडाला बांधायला आमचे बहुतेक डॉक्टर परवानगी द्यायचे.

न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी याच प्रश्नावर काम केलं. काळजी घेताना रुग्णाचा मान राखला गेला की नाही, हे ज्याची काळजी घेतली त्यानेच ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात १९९२ पासून हा विषय सक्तीचा आहे. माझा तो शेरा आजींना वाचून दाखवला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मी अजून विसरलेले नाही.

म्हणून ‘लिंगायत म्हणजे हे, जैन म्हणजे ते’ अशी वही करू नका. आपल्याकडे जैन कुटुंबं भरपूर आहेत. एक काकू सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत, शेजारच्या कॉटवरच्या रात्री नऊला जेवतात. पहिल्या काकूंची रात्री आठची गोळी सूर्यास्ताआधी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं, हेही त्यांना आधी सांगा. ॲडमिशनच्या वेळी सगळ्यांनाच विचारायचं: “तुमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही?” नाव-आडनाव बघून अंदाज बांधायचा नाही.

केस स्टडीसाठी मॅडेलिन लायनिंगर यांची मांडणी घ्या. या अमेरिकन परिचारिकेने पापुआ न्यू गिनीत राहून तिथल्या लोकांचा अभ्यास केला होता. रुग्णाची रीत पाहून तीन प्रश्न विचारायचे: ती तशीच राहू द्यायची, थोडी जुळवून घ्यायची, की बदलायला मदत करायची? बाळंतिणीच्या वॉर्डात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. डिंकाचे, अळिवाचे लाडू, बाळाच्या मनगटातले काळे मणी राहू द्या. शेक-धुरी बाळाच्या आजीला हवीच असते. तिथे “शेक आईला द्या, पण खोलीत धूर कोंडू देऊ नका आणि बाळाला लांब ठेवा” एवढं सांगा. मध चाटवणं, डोळ्यांत काजळ घालणं आणि पहिलं चिकाचं दूध पिळून टाकणं मात्र थांबवायचंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो. हे सुनेला एकटीला सांगून उपयोग नाही, घरी गेल्यावर निर्णय सासूचा असतो. आजीला समोर बसवून, “तुमच्या हाताखाली इतकी बाळंतपणं झाली, एवढं एक माझं ऐका” म्हणा. ओरडून सांगितलेलं घरी गेल्यावर टिकलेलं मी पाहिलं नाही.

संस्कृती म्हणजे देवधर्म आणि खाणंपिणं एवढंच धरू नका. गाळपाच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोड बायका येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एकच जोडी धरतात, आणि एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अशा बाईला “महिनाभर आराम करा” सांगून डिस्चार्ज कार्ड हातात दिलं तर ती चौथ्या दिवशी फडात असते. ती कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहते का, पाणी कुठून आणते, मोळी कोण उचलतं, हे विचारा आणि टाके, ड्रेसिंग त्या हिशेबाने समजावा.

मिरजेत सीमेपलीकडचे रुग्ण पूर्वीपासून येतात, तेव्हा थोडं कन्नड शिका. “एल्लि नोवु?” म्हणजे कुठे दुखतंय. “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का. एवढ्यावरही आजी मोकळ्या होतात. पण पाळी, गर्भपात, मारहाण असं काही विचारायचं असेल तर सासूला किंवा नवऱ्याला दुभाषा करू नका. कन्नड येणारी सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून बोलवा, पडदा ओढा आणि मग विचारा.