लॉग टेबल उघडलं की हात थांबतो

बारावी सायन्सची मुलगी, सोबत आई. आईंची तक्रार एका वाक्याची होती : "घरी सगळं येतं हो हिला, पण पेपरात गणित आलं की ही नुसती टेबल चाळत बसते." मुलीचं म्हणणं वेगळं. "इतके कॉन्स्टंट लक्षात कसे ठेवायचे? आणि कॅल्क्युलेटर का देत नाहीत?"

पहिल्या भीतीचं उत्तर सोपं होतं. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरात लॉग टेबल (गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून देणारे छापील तक्ते) चालतं, कॅल्क्युलेटर नाही. आणि गणितांना लागणारे कॉन्स्टंट, म्हणजे h (प्लांकचा स्थिरांक), c (प्रकाशाचा वेग), इलेक्ट्रॉनचा विद्युतभार वगैरे, पेपरावरच छापलेले असतात. पाठांतराची गरज नाहीच, उलट पाठांतर कधी नडतं. h ची छापील किंमत ६.६३ असताना क्लासमध्ये ऐकलेली ६.६२६ घेतली, तर आकडेमोड उगाच वाढते. छापलेलीच घ्या.

खरी अडचण वहीत सापडली. १०० व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी काढायची होती. सूत्र (h भागिले √२meV; m वस्तुमान, e विद्युतभार, V व्होल्ट) बरोबर, किमती बरोबर. मुळाखाली २meV चं उत्तर आलं २.९१२ × १०^-४७. तिने या सगळ्याचाच लॉग घेतला : बार ४७.४६४२ (बार म्हणजे फक्त पूर्णांक ऋण, दशांश धनच). मग त्याचा निम्मा. ४७ विषम, निम्मे साडेतेवीस. तो अर्धा कुठे टाकायचा कळेना, म्हणून बार २३ आणि .४६४२ चे निम्मे .२३२१. मूळ आलं १.७०६ × १०^-२३ आणि तरंगलांबी ३.८८५ × १०^-११ मीटर.

उत्तर हवं १.२२८ × १०^-१० मीटर. तिचं उत्तर त्याच्या ३.१६ व्या भागाइतकं निघालं. ३.१६ म्हणजे √१०. वर्गमूळ असलेल्या गणितात उत्तर याच पटीनं चुकलं, की आधी दहाचा घात विषम राहिला का ते बघायचं. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

उपाय : घात लॉगमध्ये नेऊच नका. समासात दहाचे घात वेगळे, सम करून. २.९१२ × १०^-४७ ऐवजी २९.१२ × १०^-४८ लिहा, घाताचं मूळ तोंडी, १०^-२४. टेबलात फक्त २९.१२ : २९ ची ओळ, १ चा स्तंभ, ४६३९, मीन डिफरन्सच्या (चौथ्या अंकासाठी उजवीकडच्या स्तंभांच्या) २ खालचे ३ मिळवून ४६४२. २९ दोन अंकी, म्हणून पुढे १ लावून १.४६४२, निम्मे ०.७३२१, अँटीलॉग (लॉगवरून परत मूळ संख्या) ५.३९६. मग ६.६३ भागिले ५.३९६ : ०.८२१५ वजा ०.७३२१, उरले ०.०८९४, अँटीलॉग १.२२८. बारचं चिन्ह एकदाही लागत नाही.

दुसरी चूक बारीक, पण गुण खाणारी : अँटीलॉगसाठी लॉगचंच पान उघडणं. दोन्ही पानं दिसायला सारखीच. ओळीच्या सुरुवातीला .७३ असा दशांशबिंदू दिसला तरच ते अँटीलॉगचं पान. लॉगच्या पानावर ओळी १० पासून सुरू होतात.

आईंना एक गोष्ट सांगावी लागली. गुण पायऱ्यांना असतात. सूत्र आणि किमती नीट मांडल्या असतील, तर शेवटच्या आकड्याने सगळे गुण जात नाहीत. मुलगी मात्र टेबलाशी झगडून जमलं नाही की पूर्ण गणितावर काट मारायची. काट मारायची नाही, जागा सोडून पुढे जायचं.

तीन आठवडे तिला गणितं दिलीच नाहीत. रोज दहा मिनिटं, फक्त पाच कोरे गुणाकार-भागाकार आणि एक वर्गमूळ, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी एका भागाकाराला चार मिनिटं लागली. चौथ्या आठवड्यात ती सव्वा मिनिटावर आली, आणि मग आईंनी विचारलं, "आता केमिस्ट्रीचं काय?"

तीच वही, तीच समासातली घातांची रेघ.