बीएनपी वाढलं म्हणून गोळी बंद?

हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही असे, रुग्ण आणि त्यांची मुलं ठाण्यातल्या माझ्या ओपीडीत रिपोर्टची फाइल घेऊन येतात. बीएनपी म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं संप्रेरक; एनटी-प्रोबीएनपी हा त्याच्यासोबतच तयार होणारा तुकडा, त्याची तपासणी वेगळी. शंका बहुतेकदा त्याच असतात, म्हणून इथेच उत्तरं देते.

बीएनपीसाठी उपाशी राहावं लागतं का? (कळवा)
नाही.

सोसायटीच्या शिबिरात ‘हार्ट पॅकेज’मध्ये एनटी-प्रोबीएनपी आहे. वय ४२, काही त्रास नाही. करू का? (घोडबंदर रोड)
नको. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा, ते ठरवतील. निरोगी माणसाला घाबरवून पॅकेज विकणं मला अजिबात मान्य नाही.

बाबांचं बीएनपी जानेवारीत २४० होतं. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू केल्यावर मार्चमध्ये ४१० आलं. शेजारी म्हणाले, औषध लागू पडत नाही. गोळी थांबवली, ठीक ना? (नौपाडा)
ठीक नाही! आजच डॉक्टरांना फोन करा. शरीरात नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम बीएनपी मोडून टाकतं. ही गोळी त्यालाच अडवते, त्यामुळे हृदयावरचा ताण कमी होत असतानाही बीएनपी चढू शकतं. एनटी-प्रोबीएनपीला हे एन्झाइम मोडत नाही, म्हणून या गोळीवर असताना तीच तपासणी बघायची. दोन्ही तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत.

परवा एका मुलाने दोन रिपोर्ट टेबलावर ठेवले. दुसऱ्यातल्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता. एक बीएनपीचा, दुसरा एनटी-प्रोबीएनपीचा! त्या गोलापायी आईची गोळी तीन आठवडे बंद होती. मी त्यांच्या नडगीवर बोट दाबलं, तर खळगा पडला तो भरेचना, म्हणजे पायांत पाणी साचलं होतं.

आणखी एक. घरात जुनी रामिप्रिल (रक्तदाब आणि हृदयासाठीची गोळी) उरली असेल तर या गोळीच्या जागी ती मनाने देऊ नका. दोन्हींमध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर तोंड आणि घसा सुजू शकतो.

आईचं वजन ९६ किलो. जिना चढताना धाप लागते, पण एनटी-प्रोबीएनपी ११० म्हणजे नॉर्मल. मग हृदय ठीक ना? (डोंबिवली)
तेवढ्यावरून सांगता येत नाही. लठ्ठ माणसांत हा आकडा कमीच येतो. वय आणि किडनीचा आजार तो वाढवतात. इको करून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाबांना रात्री आडवं झालं की दम लागतो, उठून बसावं लागतं. रिपोर्ट सोमवारी येणार. थांबू का? (वाशी)
थांबू नका. आत्ताच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. रिपोर्ट मागाहून येईल.