वाचकांचे प्रश्न: फिलिपिनो सासुरवाडी, निनाँगचं प्रकरण आणि न मोडणारं लग्न

मागच्या अंकात मी मनिलातल्या माझ्या शेजाऱ्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तिकडच्या लग्नाकार्यांबद्दल पत्रांचा पाऊसच पडला. त्यातली काही इथे घेतलीत. गोपनीयतेसाठी नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: नमस्कार ताई. माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. जहाजावरच्या एका फिलिपिनो मित्राच्या बहिणीशी त्याची ओळख झाली, मुलगी बातांगासची, नर्स आहे, वय २८. आता दोघांना लग्न करायचंय. मुलगी गोड आहे हो, पण निम्मा पगार घरी पाठवते आणि धाकट्या भावाच्या कॉलेजची फी भरते. लग्नानंतरही पाठवणार म्हणते. मग हिचा संसार कधी होणार? आणि बोलणी करायला त्यांनी यायचं की आम्ही जायचं? (एक आई, रत्नागिरी)

उत्तर: काकू, आधी पैशाचंच बोलू, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. तिकडे मुलगी 'दिल्या घरी' जात नाही. लग्न झालं म्हणून ती माहेरची पाहुणी होत नाही, कारण नातं दोन्हीकडून सारखंच मोजतात, आईकडचे तेवढेच आपले जेवढे वडलांकडचे, कुळ-गोत्र बदलायचा प्रकारच नाही. नवराबायको कुणाकडे राहणार हे सोय बघून ठरतं, बरेचदा वेगळंच बिऱ्हाड करतात, आणि आईबाप गेल्यावर वाटणीतसुद्धा मुलगा-मुलगी सारखेच. त्यामुळे मुलीने माहेरी पैसे पाठवणं याला तिकडे कुणी 'अजून माहेरचंच बघते' असं म्हणत नाही, उलट नाही पाठवले तर नावं ठेवतात.

त्यात तुमची होणारी सून थोरली असेल तर विषयच संपला. थोरल्या लेकरावर सगळ्यांच्या आशा असतात, एक शिकला की त्याने पुढच्याला शिकवायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं त्या उपकाराला 'उतांग ना लोओब' म्हणतात, आणि हे ऋण हप्त्याने फिटत नाही. कायदासुद्धा त्याच बाजूने आहे. तिकडच्या १९८७ च्या फॅमिली कोडमध्ये कलम १९५ आहे, त्यात पोटगीची जबाबदारी फक्त नवराबायको आणि आईबाप-मुलांपुरती नाही, भावाबहिणींनी एकमेकांना सांभाळायचं हेसुद्धा लिहून ठेवलंय.

पण मी याचं कौतुकच करणार नाही. या थोरल्या मुली दमतात. दुबईत, हाँगकाँगमध्ये घासून काम करतात, इकडे घराला मजला चढतो आणि यांचं स्वतःचं सेव्हिंग शून्य. चुलतभावाच्या मोटरसायकलचा हप्ता पण हीच भरते, असंही पाहिलंय. म्हणून 'पाठवू नकोस' असं चुकूनही म्हणू नका, पण 'किती आणि कुणाला' हे लग्नाआधी मुलाला आणि तिला बसून ठरवू द्या. भावाची फी कोर्स संपेपर्यंत, आईच्या औषधांचे दरमहा इतके, बस्स. कारण वेगळा करार केला नसेल तर तिकडच्या कायद्याने लग्नाआधीची आणि नंतरची बहुतेक सगळी मिळकत दोघांची सामाईक धरतात, वारसाहक्काने किंवा बक्षीस मिळालेलं वगैरे सोडून. आणि हो, परदेशी माणसाला तिकडे जमीन विकत घेता येत नाही, तेव्हा चिरंजीव बातांगासला समुद्राकाठी प्लॉट बघत असतील तर तो बायकोच्याच नावावर होईल हे आत्ताच सांगून ठेवा.

आता जायचं कुणी. तुम्ही जायचं, काकू! मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन मागणी घालायची, त्याला पामामान्हिकान म्हणतात. रिकाम्या हाताने नाही, खायला घेऊन. तुम्ही बुंदीचे लाडू आणि चिवडा न्या, डबा पाच मिनिटांत साफ होईल. हुंडा-बिंडा विषयच नाही, जुन्या रीतीने खर्च मुलाकडचे करतात, हल्ली निम्मा-निम्मा पण चालतो. पूर्वी तर मुलाला मुलीच्या घरी महिनोन्‌महिने पाणी भरायला आणि लाकडं फोडायला लावायचे, हा कामाचा आहे का आळशी ते बघायला. (ही पद्धत आपल्याकडे आणायला माझी अजिबात हरकत नाही.)

दारात गेल्या गेल्या मुलगी तुमचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावेल, 'मानो पो' म्हणेल. दचकून हात मागे घेऊ नका, ते आपलं वाकून नमस्कार करणंच आहे, डोक्यावर हात ठेवला तरी चालेल. जेवणात डुक्कर असणारच, शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी कळवा, आणि 'व्हेज' म्हटल्यावरही भाजीत कोळंबी सापडली तर मनावर घेऊ नका.

कागदपत्रांचं: परदेशी मुलाला आपल्या वकिलातीकडून तो लग्नाला मोकळा आहे असं प्रमाणपत्र लागतं. मग लग्नाच्या लायसन्सचा अर्ज, त्याची नोटीस १० दिवस लावतात, लायसन्स १२० दिवस चालतं. मुलगी २५ च्या पुढची आहे म्हणजे आईवडलांच्या सल्ल्याचा कागद लागणार नाही. १८ ते २१ मध्ये संमती आणि २१ ते २५ मध्ये सल्ला मागतात, सल्ला नाही आणला तर लायसन्स तीन महिने अडकवून ठेवतात.

प्रश्न: ताई, मी फिलिपिन्समध्ये दावाओला एमबीबीएससारखा कोर्स करतोय, मूळचा लातूरचा. आमच्या लँडलेडीला नात झाली आणि त्या म्हणतात तू बारशाला निनाँग हो. रूममेट म्हणतो फसशील, दर ख्रिसमसला पैसे द्यावे लागतील. खरं आहे का?

उत्तर: रूममेट बरोबर बोलतोय पण अर्धंच. निनाँग म्हणजे धर्मपिता, बाई असेल तर निनांग. एका पोराला हे दोनच असावेत असं काही नाही, दहा-बारा पण असतात, आणि ते निवडताना भक्ती कमी आणि हिशोब जास्त असतो. एक डॉक्टर बघायचा, एक नगरपालिकेतला, एक परदेशात नोकरीवाला. तू भावी डॉक्टर आहेस हे लँडलेडी विसरलेली नाहीये, लक्षात ठेव :)

पण खरी गंमत मुलात आणि तुझ्यात नाहीये, तुझ्यात आणि त्या मुलीच्या बापात आहे. बारसं झालं की तो आणि तू एकमेकांचे 'कुम्पारे'. म्हणजे आता तुम्ही भाडेकरू-मालक राहिला नाहीत, अडीअडचणीला एकमेकांच्या दारात जायचा हक्क झाला. ही पद्धत स्पॅनिश लोकांनी चर्चबरोबर आणली, आणि आधीच सगळ्या गावाला नातं लावणाऱ्या समाजात ती अशी काही रुजली की आज निवडणुकीतले उमेदवारसुद्धा मतदारसंघात लग्नांना नि बारशांना निनाँग म्हणून उभे राहतात. मग पुढे एखादं काम अडलं की कुम्पारेला नाही कसं म्हणायचं? वशिला तिथूनच सुरू होतो, आणि देश चालवायला हे काही बरं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पण तुला त्याची चिंता नको.

एक अडचण मात्र आहे, चर्चच्या नियमाने धर्मपिता कॅथलिकच लागतो. तेव्हा आधी लँडलेडीला सांग की त्यांनी पाद्रीबाबांना विचारून घ्यावं. रजिस्टरमध्ये नाव नाही चढलं तरी ते लोक तुला निनाँग म्हणतीलच. होऊन टाक. पाकिटात ऐपतीप्रमाणे घाल, विद्यार्थ्याकडून कुणी जास्त धरत नाही. आणि तुझ्यापेक्षा मोठ्यांना कुया आणि आते म्हणतोस ना? कुया म्हणजे दादा, आते म्हणजे ताई बरं का, आत्या नव्हे.

प्रश्न: तिकडे मामाची मुलगी चालते का? सहज विचारतोय. (सोलापूर)

उत्तर: सहज म्हणे. नाही चालत. मामाची, आत्याची, काकाची, मावशीची, सगळीच चुलत-मावस भावंडं 'पिन्सान' या एकाच डब्यात. फॅमिली कोडच्या कलम ३८ ने असं लग्न मुळातच रद्दबातल.

प्रश्न: मी दुबईत नोकरी करतो, वय ४१, घटस्फोटित. माझ्या ऑफिसमधल्या फिलिपिनो सहकारी आणि मी गेली काही वर्षं एकत्र आहोत. त्या नवऱ्यापासून ११ वर्षं वेगळ्या राहतात, नवऱ्याचं तिकडे दुसरं घर आहे, मुलं आहेत. तरी म्हणतात माझं लग्न अजून शाबूत आहे. मी म्हटलं भारतात येऊन रजिस्टर करू. घरचे म्हणतात बाई टाळाटाळ करतेय. (कोल्हापूर, सध्या दुबई)

उत्तर: दादा, बाई खरं बोलतायत आणि तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा. फिलिपिन्समध्ये घटस्फोटाचा कायदाच नाही. जगात आता ते आणि व्हॅटिकन, दोघंच उरलेत. राज्यघटनेतच लिहिलंय की लग्न ही अभंग संस्था आहे. गंमत म्हणजे पूर्वी होता. अमेरिकन अमलात १९१७ ला कायदा झाला, तोही व्यभिचार कोर्टात सिद्ध झाला तरच, मग जपानी अमलात कारणं वाढवली, आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९५० च्या सिव्हिल कोडने दार बंद केलं ते आजतागायत. अपवाद मुसलमानांचा, त्यांचा स्वतंत्र कायदा १९७७ चा आहे आणि त्यात तलाक आहे. संसदेच्या खालच्या सभागृहाने मे २०२४ मध्ये घटस्फोटाचं बिल पास केलं पण सिनेटमध्ये ते अडकलं.

मग लोक काय करतात? बरेच जण काहीच करत नाहीत. नवरा तिकडे, बायको इकडे, दोघांचे नवे संसार आणि कागदावर जुनं लग्न चालूच, शेजारीपाजारी सगळं जाणून. यात भोगतात ती पोरं, कारण दुसऱ्या घरातली मुलं कायद्याने अनौरस ठरतात आणि वारशात त्यांचा वाटा औरस मुलाच्या निम्मा. बापाने कबूल केलं तर २००४ पासून त्याचं आडनाव लावता येतं, एवढाच दिलासा.

ज्यांच्याकडे पैसे आणि चिकाटी आहे ते कोर्टात जाऊन 'लग्न मुळात झालंच नव्हतं' असं ठरवून घेतात. फॅमिली कोडमध्ये कलम ३६ आहे, लग्नाच्या वेळीच एकजण संसाराची जबाबदारी पेलायला मनाने असमर्थ होता, असं दाखवायचं. आधी यासाठी मानसतज्ज्ञाचा भलामोठा रिपोर्ट आणायची रीत होती, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा वैद्यकीय आजार नाही, कायद्याचा मुद्दा आहे, तज्ज्ञ आणलाच पाहिजे असं नाही. तरी वकिलाची फी आणि वर्षं जातातच. माझ्या मते हा कायदा प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावतो, चांगलं वीस वर्षं चाललेलं आणि मग बिघडलेलं लग्नसुद्धा पहिल्या दिवसापासून नव्हतंच असं शपथेवर सांगायचं.

तुमच्या बाबतीत परदेशात घटस्फोट घेऊन भागणार नाही, कारण नवराबायको दोघं फिलिपिनो. जोडीदार परदेशी असता तर कलम २६ ने वाट होती, २०१८ च्या निकालानंतर तर फिलिपिनो बाजूने अर्ज केला असला तरी चालतं, फक्त तो घटस्फोट तिकडच्या कोर्टाने मान्य करावा लागतो. नवऱ्याने मधल्या काळात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय का हे मात्र विचारा, घेतलं असेल आणि त्यानंतर तिकडे घटस्फोट झाला असेल तर हीच वाट उघडते.

आणि भारतात येऊन रजिस्टर करण्याचा विचार डोक्यातून काढा. आपल्या स्पेशल मॅरेज ॲक्टलाही हयात जोडीदार चालत नाही, वर त्यांच्या मायदेशीही ते लग्न रद्दबातलच धरतील. आधी मनिलात कौटुंबिक खटल्यांचा वकील गाठा, दोघांनी मिळून फीचा अंदाज घ्या. निकाल लागला तरी लगेच उड्या मारू नका, तो अंतिम होऊन सरकारी नोंदणीत चढायला लागतो, आणि त्यांच्या सांख्यिकी खात्याच्या लग्नाच्या दाखल्यावर तो शेरा आला की मगच कोल्हापुरात हॉल बुक करा.